पास्ता कोरडाच मोजा
तालुक्याच्या बाजारातून पास्त्याचं पाकीट आलं की आमच्याकडचे पोट्टे ते अख्खंच गंजात ओततात. हिशेब तिथंच फसतो. कॅलरीवर लक्ष असेल तर पास्ता शिजवायच्या आधी, कोरडाच मोजा. शिजताना तो पाणी पिऊन दुपटीच्या आसपास जड होतो. किती शिजवला त्यावर वजन बदलतं, म्हणून ताटातला अंदाज चुकतोच.

100 ग्रॅम कोरड्या पास्त्यात साधारण 350 कॅलरी. एका माणसाला 60 ग्रॅम, म्हणजे 210 कॅलरी, पुरेत. घरी काटा नाही? किराणावाल्याकडून एकदाच 60 ग्रॅम तोलून घ्या, रोजच्या वाटीत ओता आणि कुठवर आला ते पाहून ठेवा. नळीचा आणि शंखाचा पास्ता वाटीत सारखा बसत नाही, दोघांची खूण वेगळी.

ताट रिकामं वाटलं तर भेद्रं (म्हणजे टमाटे), वांगं, पालक भरपूर घाला; वरून सांबार, म्हणजे पुणेवाल्यांची कोथिंबीर. तेल मात्र चमच्यानंच. एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी, अन् तर्री सोडायला आपला हात किती सैल असतो हे काय सांगायचं!