ओसाकात जेवताना या चुका टाळा

“टोफू दिसतोय ना? मग व्हेजच!” ओसाकात आलेल्या आपल्या मंडळींच्या तोंडी हे ऐकलं की माझं डोकं उठतं.

कित्सुने उदोन हा मूळ ओसाकाचाच पदार्थ. जाड नूडल्स आणि वर गोडसर मुरवलेला तळलेला टोफू. फोटोत मासा शोधून सापडणार नाही, कारण तो रश्शात असतो. तो रस्सा म्हणजे दाशी: बहुतेक वेळा कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाचा कीस, यांचा अर्क. मिसो सूप, सोबा नूडल्स, आगेदाशी टोफू (रश्शातला तळलेला टोफू), सगळीकडे हाच. ओकोनोमियाकीवरचा, म्हणजे कोबी घातलेल्या जाड धिरड्यावरचा, हलणारा माशाचा कीस चॉपस्टिकने बाजूला सारणारे शहाणेही भेटतात. अहो, खालच्या पिठातही दाशी असते!

चातुर्मास कडक पाळणाऱ्या एक काकू आमच्या ग्रुपमध्ये होत्या. वाटी तोंडाला लावून सगळा रस्सा प्यायल्या, “अगदी आमटीसारखा” म्हणाल्या. पुतण्याने तेव्हाच मोबाइलवर घटक वाचून दाखवले. पुढचा सगळा प्रवास केळी, दशम्या आणि दुकानातल्या उमेबोशीच्या ओनिगिरीवर, म्हणजे खारवलेलं आंबट फळ भरलेल्या भाताच्या गोळ्यांवर. त्या ओनिगिरीतही बोनिटोचा अर्क असू शकतो, हे सांगायला मी धजावलो नाही.

माझी सवय साधी आहे. “मासा, मांस आणि कात्सुओची दाशी चालत नाही” असं जपानीत लिहिलेलं कार्ड बसायच्या आधी दाखवायचं. आचारी घुटमळला तर वाद न घालता हसून निघायचं. बारा ते एकच्या गर्दीत भाषांतराचं ॲप त्याच्या नाकासमोर नाचवू नका, ती ऑफिसवाल्यांच्या जेवणाची वेळ असते. आणि एकदा तरी क्योतोला जा, रेल्वेने जेमतेम अर्धा तास. तिथून पुढे आराशियामात तेन्र्यू-जी मंदिराच्या आवारात शिगेत्सु हे रेस्टॉरंट आहे. तिथल्या शोजिन, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या शाकाहारी, जेवणात मासाही नाही, कांदा-लसूणही नाही. पण “वेळ नाही” म्हणणारे तिथे जात नाहीत आणि मग जपानात खायला काही मिळत नाही म्हणून रडतात.

बाकीचं थोडक्यात. ओसाकाच्या शिन्सेकाई भागात कुशिकात्सु, म्हणजे काडीला टोचून तळलेले तुकडे, खाताना सॉस सामायिक असेल तर एकदाच बुडवायचं. उष्टी काडी पुन्हा नाही. सॉस कमी पडला तर कोबीच्या पानाने घ्या. ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपस घातलेला पिठाचा गोळा, अख्खी तोंडात टाकू नका, आतलं सारण चटका देतं. इझाकायात, म्हणजे जपानी पबमध्ये, न मागता आलेली छोटी वाटी फुकट नसते, तिचे पैसे बिलात लागतात, भांडू नका. टिप ठेवू नका, परत द्यायला मागे धावत येतील. आणि दाराशी जेवणाच्या तिकिटाचं मशीन असेल तर आधी तिकीट, मग खुर्ची.