कॅनन १००-४००: जुनी की नवी, आणि जुनी घेताना तपासायची कशी

कॅननच्या ईएफ माउंटमध्ये (डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या लेन्सजोडणीत) १००-४०० मिमी एल (वरच्या दर्जाच्या) झूम लेन्सच्या दोन आवृत्त्या आहेत. पहिली १९९८ची, पुढेमागे सरकवून झूम होणारी. दुसरी २०१४च्या अखेरीस आलेली, रिंग फिरवायची. जुनी लेन्स धूळ ओढते म्हणून घेऊच नका, असं सरसकट सांगितलं जातं. हा सल्ला सोडून द्या. आतले चार-दोन कण फोटोत दिसत नाहीत. जुन्या लेन्सचा चांगला नग आजही उत्तम काम देतो आणि वाईट नग फुकट मिळाला तरी नको. सगळा प्रश्न हातातला नग कोणता, हे ओळखण्याचा आहे.

१. गरज ठरवा. नव्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी यंत्रणा) चार स्टॉपचं, जुनीचं जेमतेम दोन; एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवण्याची मुभा. हाताने ४०० मिमीला १/४०० सेकंद शटर लागत असेल, तर जुनी १/१०० पर्यंत नेते, नवी १/२५ पर्यंत. पण यात हाताचा कंप थांबतो, पक्षी थांबत नाही. भिगवणला उडते रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपायला १/१६०० च्या आसपास शटर ठेवावाच लागतो, तिथे या फरकाला काही अर्थ नाही. झाडीत, कमी उजेडात, स्थिर बसलेला प्राणी टिपणाऱ्याला मात्र तो फार मोठा आहे. फुलपाखरं आणि चतुर टिपणाऱ्यांनी थेट नवीच घ्यावी: ती ०.९८ मीटरवर फोकस करते, जुनी १.८ मीटरवर. १.४ एक्स्टेंडर (लेन्सची पोहोच १.४ पट करणारा जोड) लावायचा असेल तरीही नवी. वजनात मात्र जुनी हलकी, १३८० ग्रॅम.

२. टॉर्च मारून बघा. कॅमेऱ्यावरून काढल्यावर ईएफ लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) उघडंच असतं, त्यामुळे मागून टॉर्च धरून पुढून तिरकं बघा, १०० आणि ४०० दोन्हीकडे. जाळीसारखे तंतू म्हणजे बुरशी. कोकण, मुंबई, गोव्यात पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये ही हमखास शोधावी. दिसली की व्यवहार संपला. सारखी धुरकट झाक दिसली तरी तेच.

३. केबल तपासा. छिद्र एफ/८ इतकं लहान ठेवून झूमच्या प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. मध्येच एरर ०१ आला, तर छिद्राकडे जाणारी पट्टीकेबल सरकण्याच्या हालचालीने तुटत आलेली असू शकते. विकणारे ४०० मिमीला एफ/५.६ वर, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं ठेवून, फोटो काढून दाखवू शकतात. तेव्हा छिद्र हलतच नाही, म्हणून दोष लपतो. घट्ट करायची रिंग आवळून लेन्स खाली तोंड करून धरा; नळी घसरायला नको.

४. भिंग तिरकं बसलंय का? खरी अडचण इथे आहे, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. विटांच्या भिंतीचा एक फोटो काढून कोपरे बघणं ही चाचणीच नव्हे. कॅमेरा भिंतीला अचूक समांतर नसला की एक बाजू मऊ येणारच, आणि दोष लेन्सच्या माथी बसतो.

त्याऐवजी असं करा. छापील मजकुराचा एक कागद वीस मीटरवर लावा. वेळ सकाळची निवडा. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि कोणतीही लेन्स मऊ दिसते. लेन्सवरचा फिल्टर काढा. जुन्या १००-४०० ची धार साध्या यूव्ही फिल्टरने बिघडते, आणि या लेन्सची निम्मी बदनामी त्या काचेमुळे झाली आहे. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. स्टॅबिलायझर बंदच हवा, कारण जुन्या लेन्सला ट्रायपॉड ओळखता येत नाही आणि ती स्वतःच चित्र हलवते.

४०० मिमी, एफ/५.६, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) दहापट मोठं करून हाताने फोकस. एक फोटो कागद मध्यभागी ठेवून. मग कॅमेरा वळवून तोच कागद एकेक करत चारही कोपऱ्यांत आणा आणि दर वेळी नव्याने फोकस करा. हे टाळलं तर सगळी मेहनत वाया, कारण फोकसचं प्रतल थोडं वक्र असतं. पाचही फोटो संगणकावर शंभर टक्क्यांवर शेजारी ठेवा.

चारही कोपरे मध्यापेक्षा सारखेच थोडे मऊ असतील तर लेन्स निरोगी आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू ठळकपणे विरघळलेली दिसली, आणि एफ/८ लाही तसंच राहिलं, तर नग परत करा. "सर्व्हिसला टाकून होईल" हे ऐकून घेऊ नका. या लेन्सचं उत्पादन केव्हाच थांबलंय, सुटे भाग मिळतीलच याची खात्री नाही.

५. ऑटोफोकस. लाइव्ह व्ह्यूमध्ये धारदार आणि व्ह्यूफाइंडरमधून मऊ येत असेल तर तो लेन्सचा दोष नाही. ५डी मार्क २, ७डी यांसारख्या बॉडीत मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट (त्या लेन्सपुरता फोकस किंचित पुढेमागे करण्याची सोय) करा. ६०डी मध्ये ही सोय नाही. मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) अडॅप्टरने लावणार असाल तर हा प्रश्न उद्भवत नाही.

६. भाव. सगळ्यांत पास झालेली जुनी लेन्स वापरलेल्या नवीच्या निम्म्या किमतीत मिळाली तर घ्या. त्याहून महाग असेल तर थोडं थांबून नवीच.