'गिल्ड द लिली' वापरताय? आधी या चुका टाळा

मागच्या गणपतीच्या आधीची गोष्ट. मी कोथरूडला संध्याकाळी नोकरी करणाऱ्यांना इंग्रजी शिकवते, त्यातला एक मुलगा हिंजवडीहून थेट क्लासला आला आणि लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला, म्हणाला मॅडम हे बघा ना काय झालंय. क्लायंटने यांच्या स्क्रीन्समध्ये काही बदल सुचवले होते, ते याला मनापासून आवडले, म्हणून आभाराच्या मेलमध्ये याने लिहिलं, 'युअर सजेशन्स रिअली गिल्डेड द लिली'. उत्तर एका ओळीत आलं, आमचे बदल तुम्हाला अनावश्यक वाटले का? पोरगं रडकुंडीला आलेलं. गिल्ड म्हणजे सोन्याने मढवणं आणि लिली म्हणजे फूल, एवढं त्याने डिक्शनरीत पाहिलं होतं, मग यात वाईट काय असणार असंच कुणालाही वाटेल.

ही पहिली चूक आणि सगळ्यात महागात पडणारी. शब्द दोन्ही छान आहेत पण फ्रेजचा अर्थ असा की जे मुळातच सुंदर आहे, पूर्ण झालेलं आहे, त्यावर उगाच आणखी सजावट करणं. म्हणजे हे कौतुक नाहीये, नापसंती आहे. आपल्याकडे लोक हिचा अर्थ 'दुधात साखर' किंवा 'सोन्याला सुगंध' असा लावतात आणि तिथेच घोळ होतो, कारण त्या दोन्हींत वरून आलेली गोष्ट हवीहवीशी असते आणि इथे ती नकोशी असते.

ही कुठून आली ते कळलं की अर्थ विसरायला होत नाही. शेक्सपिअरच्या 'किंग जॉन' नाटकात राजा जॉन एकदा राज्याभिषेक झालेला असूनही परत स्वतःला मुकुट घालून घेतो, तेव्हा त्याचा सरदार सॉल्सबरी म्हणतो की शुद्ध सोन्याला सोन्याचा मुलामा देणं, लिलीला रंग लावणं, व्हायोलेटच्या फुलावर अत्तर शिंपडणं हा वाया जाणारा, हास्यास्पद अतिरेक आहे. हे नाटक छापून आलं १६२३ च्या फर्स्ट फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित संग्रहात. मूळ ओळीत 'गिल्ड' आहे सोन्यासाठी आणि लिलीसाठी आहे 'पेंट', लोकांच्या तोंडी पुढे दोन्ही एकत्र झालं आणि 'गिल्ड द लिली' रूढ झालं. त्यामुळे कुणी 'पेंट द लिली' लिहिलं तर ते चुकलं असं समजू नका, ते मूळच्या जास्त जवळचं आहे.

क्लासमध्ये मी हे मूर्तीवरून समजावते. शाडूची मूर्ती रंगवून झाली तरी डोळ्यांची आखणी बाकी असते, आणि ती करायला कारखान्यातला मुरलेला हात लागतो, बारीक ब्रश, श्वास रोखून एक रेघ, आणि मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. हा झाला फिनिशिंग टच, ज्याला आपण अखेरचा हात फिरवणं म्हणतो, तो नसता तर मूर्ती अपुरी राहिली असती. आता तीच मूर्ती घरी आणल्यावर कुणी सोंडेवर चमकी चिकटवली, गालावर खडे लावले, तर ते गिल्डिंग द लिली. अमुक गोष्ट काढून टाकली तर काम अपुरं वाटेल का, एवढं स्वतःला विचारा. वाटत असेल तर फिनिशिंग टच, उलट बरंच वाटत असेल तर गिल्डिंग द लिली.

दुसरी चूक म्हणजे मूळ गोष्टच वाईट असताना ही फ्रेज वापरणं. रिपोर्टमधले आकडे चुकलेत आणि वरून रंगीत कव्हर घातलंय, तर तिथे लिली आहेच कुठे? त्याला इंग्रजीत 'लिपस्टिक ऑन अ पिग', म्हणजे डुकराला लिपस्टिक, असं म्हणतात आणि ते फार झोंबणारं आहे, ऑफिसच्या मेलमध्ये चुकूनही लिहू नका. गिल्ड द लिली म्हणताना मूळ काम चांगलं आहे हे तुम्ही मान्य करत असता, म्हणून ती तुलनेने सौम्य वाटते.

आयटीवाल्यांचा अजून एक गोंधळ होतो तो 'गोल्ड प्लेटिंग'शी. क्लायंटने न मागितलेलं फीचर टीमने आपणहून घातलं तर ते गोल्ड प्लेटिंग, तिथे प्रश्न ठरलेल्या कामाबाहेर जाण्याचा असतो, सौंदर्याचा नाही.

वाक्यात बसवताना लिलीच्या आधी 'द' ठेवा, 'अ लिली' नको, आणि गुलाब-मोगरा घालून बदलूही नका. 'गिल्ड द लिली ऑफ द प्रेझेंटेशन' असं तर अजिबात नाही, आधी कशाबद्दल बोलताय ते सांगायचं आणि मग फ्रेज. 'द केक इज परफेक्ट, मोअर क्रीम वुड बी गिल्डिंग द लिली' हे बरोबर.

आणि कौतुकच करायचं असेल तर 'आयसिंग ऑन द केक' आहे की, आपल्या दुधात साखरेच्या बरंच जवळचं. काम शेवटच्या टप्प्यात आहे हे सांगायचं तर 'वी आर पुटिंग द फिनिशिंग टचेस टू द रिपोर्ट', इथे आपण मराठीतून विचार करून 'गिव्ह फिनिशिंग टच' लिहितो पण इंग्रजीत 'पुट' बसतं आणि टचेस बहुतेक वेळा अनेकवचनी.

त्या मुलाला आम्ही तिथेच बसून नवा मेल लिहून दिला, लांबलचक माफी न मागता: फ्रेज चुकीची वापरली, सॉरी, मला म्हणायचं होतं की 'युअर सजेशन्स वेअर जस्ट द फिनिशिंग टच द स्क्रीन्स नीडेड'. चूक लक्षात आल्यावर लगेच, दोन ओळींत सांगून टाकलेलं बरं, गप्प बसलं तर समोरचा टोमणाच धरून बसतो.

स्पेलिंगचं तेवढं राहिलं. हे गिल्ड म्हणजे जी, आय, एल, डी. मध्ये यू घातला की उच्चार तोच राहतो पण अर्थ होतो कारागिरांचा संघ, आणि तोही खरा शब्द असल्यामुळे स्पेलचेक त्याच्याखाली लाल रेघ मारत नाही, तेव्हा सेंड दाबायच्या आधी तो शब्द स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.