पोळ्याच्या ऑर्डरी घेण्याआधी

पोळा जवळ आला की बैलाच्या चित्राच्या ऑर्डरी सुरू होतात अन् नवीन पोरं पहिलं विचारतात, पेन्सिल कोणती घेऊ. सामानाचं नंतर बघू, आधी गोठ्यात जायची तयारी करा. जनावर विकलेलं नाहीतर गेलेलं असलं तर व्हॉट्सॅपच्या फोटोवर भागवावं लागतंय, पण दावणीला असेल तर सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असतंय, बैलाच्या डोळ्याच्या उंचीला खाली बसून फोटो घ्या, उभ्यानं वरून काढला की डोकं मोठं अन् पाय आखूड येतात, मोबाईल तोंडाजवळ नेला की नाकाड फुगतंय, म्हणून मागं सरून झूम करा. फ्लॅश बंद. धन्याला समोर उभं करा, त्याच्याकडं कान टवकारले की तोच फोटो धरायचा.

मग निशाण्या, याला वेगळी वही लागते. लाल कंधारी अन् देवणी या आपल्याकडच्या गाय-बैलांच्या जाती. लाल कंधारी म्हणजे नुसता तांबडा नाही, गडद लाल, अन् वळू गाईपेक्षा जास्तच काळपट. देवणीत रंगावरून तीन प्रकार, वानेरा म्हणजे अंग पांढरं अन् तोंडाच्या बाजू काळ्या, बालंक्या पांढरा, ठिपके असलेच तर खाली पोटाकडं, अन् शेवरा पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांचा. शेवऱ्याचे ठिपके अंदाजानं टाकले की तो कुणाचाही बैल होतोय, म्हणून दोन्ही कुशींचे फोटो घ्या. शिंगं साळलेली ठेवायची का नाही, झूल कोणती, मोरकी-गोंड्याचा रंग कोणता, हे सगळं घरच्यांना विचारा. फाटका कान, खांद्यावरचा घट्टा परस्पर 'नीट' करू नका. एका आजीनं मला बजावलं होतं, "कान तसाच राहू दे बाबा, त्याच्यावरच वळखते मी त्याला." मला तर वाटतंय आपलं निम्मं काम असं विचारण्यातच असतंय.

डोळ्याचा सराव आधीच करून ठेवा. गाय, बैल, शेळी, घोडा यांची बाहुली आडवी असते, गोल काढली की जनावर माणसासारखं बघायलंय असं वाटतंय. उस्मानाबादी शेळी काळी म्हणून सगळीकडं काळा रंग थापू नका, पाठीवर उन्हाची चमक असते तिथं निळसर छटा येऊ द्या. जमलं तर अजिंठ्याला स्केचबुक घेऊन जा (सोमवारी बंद असतंय), एक नंबरच्या लेणीत खांबावर एकाच डोक्याची चार हरणं कोरलेली आहेत, चारीमधलं कुठलंही बघा, डोकं त्याचंच वाटतं, मान कशी वळते ते तिथंच बसून काढा.

माणसांची पोर्ट्रेट असतील, त्यातही गेलेल्या माणसांची, तर आधारकार्डावरचा फोटो एकटा पुरत नाही, लग्नाचा अल्बम मागा, पटका कसा बांधायचे, कुंकू केवढं लावायच्या, गोंदण कुठं होतं ते लिहून घ्या. सेल्फीत बऱ्याचदा डावं-उजवं उलटं येतंय, तीळ नेमका कोणत्या गालावर ते विचाराच.

सामान थोडकंच लागतंय. एचबी ते ८बी पेन्सिली, कोळसा, मळून वापरायचं खोडरबर, जलरंगाला ३०० जीएसएमचा जाड कागद, फिक्सेटिव्ह (कोळसा पुसू नये म्हणून मारायचा स्प्रे) मात्र अंगणात मारा. उन्हाळ्यात ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळतंय, ओलं फडकं जवळ ठेवा. पावसाळ्यात कागद ओल धरतोय, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. तैलरंग वाळायला लई वेळ घेतात, पोळ्याची ऑर्डर असेल तर ज्येष्ठातच हात घाला.

पैशाचं सुरुवातीलाच बोला. साईज इंचात, चेहरे किती, निम्मा ॲडव्हान्स, अन् पेन्सिलची आखणी झाली की फोटो पाठवून होकार घ्या, त्यानंतरच्या बदलाचे पैसे वेगळे. फ्रेमवाल्याला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) टाकायला सांगा, काच कोळशाला चिकटू देऊ नका. खांदमळणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात तेव्हा, घरात कुणालाच सवड नसते, चित्र त्याच्या दोन-चार दिवस आधी पोचतं करा.