दुबईच्या फ्लॅटमध्ये पाणी फुटलं तर

गेल्या जुलैत रात्री दीड वाजता भाच्याचा फोन आला. इकडे दीड म्हणजे दुबईत बारा. "मामा, बाथरूमच्या छतातून पाणी गळतंय, काय करू?" मी विचारलं, "गरम आहे की गार?" पोरगा वैतागला. घरात पूर आलाय आणि मामा गरम-गार विचारतोय!

पण दुबईत उन्हाळ्यात पहिला प्रश्न हाच. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये थंड पाण्याच्या नळालाही हात लावून ठेववत नाही. म्हणजे छतातून गळणारं पाणी कोमट किंवा गरम असेल, तर ते नळाच्या लाइनीचं नाहीतर हीटरचं. गार असेल, तर बहुधा एसीचं; हीटर बंद ठेवला असेल, तर त्याच्या टाकीचंही असू शकतं. फॉल्स सीलिंगच्या वर एसीच्या युनिटखाली एक ट्रे असतो. त्याच्या निचऱ्याच्या नळीत बारीक वाळू आणि बुळबुळीत घाण अडकली, की ट्रे भरून वाहू लागतो. समुद्राकाठची दमट हवा असल्याने त्या दिवसांत एसी बादल्यांनी पाणी काढतो. अशा वेळी पाण्याचा मेन कॉक बंद करून काहीच होत नाही, थर्मोस्टॅटवरून एसी बंद करावा लागतो. भाच्याचं पाणी गार निघालं. एसी बंद केला, अर्ध्या तासात धार थेंबांवर आली, आणि दुसऱ्या दिवशी एसीवाल्याने नळी फुंकून दिली. रात्री प्लंबर बोलावला असता तर त्याने नुसतं छत उघडून दिरहम घेतले असते. ही युक्ती जानेवारीत चालत नाही, तेव्हा दोन्ही पाणी गारच.

हात लावण्याआधी एक गोष्ट मात्र करा. पाणी दिव्याजवळ असेल, तर आधी वीज बंद करा. डीबी, म्हणजे विजेच्या मेन स्विचांची पेटी, बहुतेक घरांत दाराजवळ किंवा किचनमध्ये असते. बोर्डाला ओल्या हाताने, अनवाणी हात लावू नका. जिप्समचं छत फुगून पोट काढून लोंबायला लागलं, तर वीज बंद असल्याची खात्री करून, खाली बादली ठेवून, बाजूला उभं राहून स्क्रू-ड्रायव्हरने लहानसं भोक पाडा. पाणी एका धारेने उतरेल. नाही पाडलंत, तर अख्खा तुकडा सोफ्यावर येतो. छताचं भोक बुजवायला फार लागत नाही.

मी गुहागरकडचा. २००२ ते २०२५ दुबईत बिल्डिंग मेंटेनन्समध्ये होतो. आधी हेल्पर, मग प्लंबर, शेवटी सुपरवायझर. करामा, कुसैस आणि मग नहदा, या तिथल्या वस्त्यांत. शिकलेली, मोठ्या पगाराची माणसंसुद्धा पाणी फुटलं की पहिल्यांदा पोछा शोधतात आणि दुसऱ्यांदा फोन. कॉक कोणालाच आठवत नाही, कारण तो कुठे आहे हेच ठाऊक नसतं.

म्हणून आजच शोधून ठेवा. करामातल्या जुन्या बिल्डिंगींत तो बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमध्ये, एका चौकोनी झाकणाच्या वर असतो. स्टुलावर चढून टॉर्च मारा. नव्या टॉवरमध्ये तो कॉरिडॉरमधल्या कपाटात, मीटरशेजारी असतो, आणि तिथे सगळ्या मजल्याचे कॉक एका रांगेत असतात. कॉकवरच्या फ्लॅट नंबरच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवू नका. एकदा मी स्वतः चिठ्ठी वाचून ७०४ चा कॉक बंद केला. ७०४ मध्ये कारंजं चालूच, आणि ७०३ मधली बाई तोंडाला साबण लावून ओरडत बाहेर आली. तेव्हा कॉक बंद करा, घरातला नळ सोडा, धार थांबते का बघा, आणि मगच त्यावर खूण करा.

कॉकला सरळ दांडा असेल, तर पाइपाला आडवा केला की बंद. गोल चाक असेल, तर उजवीकडे फिरवा. चाकाचे कॉक वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे जाम होतात, म्हणून तीन-चार महिन्यांनी एकदा बंद-चालू करत जा. जाम झालेल्या चाकाला पाना लावून जोर करू नका. आतली दांडी तुटली, की ना बंद होतं ना उघडतं. अशा वेळी खाली नातूरला उठवा, म्हणजे वॉचमनला. गल्फमध्ये त्याला नातूरच म्हणतात. त्याला रायझरचा, म्हणजे सगळ्या मजल्यांना पाणी देणाऱ्या उभ्या पाइपाचा, कॉक माहीत असतो. तो येईपर्यंत घरातले सगळे नळ सोडून ठेवा, म्हणजे फुटलेल्या जागी जोर कमी होईल.

आता शट्टाफ. संडासाशेजारचा तो हातातला फवारा. माझ्या हिशेबाने दुबईतले निम्मे पूर त्याच्यामुळे येतात. लोक खटका सोडतात आणि निघून जातात, पण मागचा कॉक उघडाच राहतो, म्हणजे त्या पंधरा-वीस दिरहमच्या नळीवर पंपाचा दाब दिवसरात्र. नहदातल्या एका घरचे लोक गणपतीला गावी गेले होते. नवव्या मजल्यावर त्यांची नळी फुटली, आणि आम्हाला कळलं ते सातव्या मजल्यावरच्या माणसाची लाकडी फरशी फुगली तेव्हा. काम झालं की भिंतीतला अँगल कॉक बंद करा, प्रत्येक वेळी. नळीवरच्या स्टीलच्या जाळीला गंज दिसला किंवा एक तार जरी सुटली, तरी नळी बदला. नळी आवळताना वायसर विसरू नका, आणि पाना लावू नका. हाताने घट्ट पुरे होतं.

हीटरचं गणित गावच्या गिझरपेक्षा वेगळं. पन्नासेक लिटरची टाकी छताच्या आत आडवी टांगलेली असते. हीटर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून, म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या झडपेतून, थोडे थेंब पडले, तर घाबरू नका, ते त्याचं कामच आहे. पण सतत धार असेल किंवा तळाशी तांबूस ओघळ दिसले, तर टाकी गेली समजा. आधी बाहेरचा लाल दिव्याचा स्विच बंद, मग मेन कॉक. आणि हीटर लावला की ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडत असेल, तर बहुधा हीटरची कॉइल गेलेली आहे. पुन्हा पुन्हा वर करत बसू नका, आंघोळीला बादलीत पाणी तापवा.

उन्हाळ्यात जुने दुबईकर हीटर बंद ठेवतात. गच्चीवरून आलेलं उकळतं पाणी एसीच्या घरात टाकीत पडून निवतं, म्हणून जुलैत गरम पाण्याच्या नळातून गार पाणी येतं आणि गारच्या नळातून गरम. आंघोळीला मजा येते, पण ते पाणी प्यायचं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हीटर पुन्हा लावताना आधी गरमचा नळ सोडून पूर्ण धार येते का बघा, मगच स्विच दाबा. रिकाम्या टाकीत कॉइल क्षणात जळते.

तुंबलेल्या सिंकबद्दल एकच सांगतो. त्यात जळजळीत पावडर ओतली असेल, तर येणाऱ्या प्लंबरला दारातच सांगा. माझ्या डाव्या मनगटावर अजून डाग आहे. ओतण्याआधी बॉटल ट्रॅप, म्हणजे सिंकखालची ती वाटी, उघडून बघा. बादली खाली ठेवून हाताने फिरवली की निघते, आणि आत बहुतेक वेळा भात आणि गोठलेलं तूपच असतं. संडास किंवा फरशीच्या जाळीतून मैला वर येत असेल, तर मात्र ते तुमच्या हातातलं काम नाही. नळ बंद करा आणि नातूरला सांगा, वरच्यांनीही पाणी थांबवायला हवं.

घरात उगाच गटाराचा वास किंवा झुरळं आली, तर बहुतेक वेळा लाइन फुटलेली नसते. न वापरलेल्या बाथरूमच्या जाळीखालचं पाणी एसीच्या कोरड्या हवेत आटतं, मग वासाला वाट मोकळी. एक तांब्या पाणी ओता. महिनाभर गावी जाणार असाल, तर पाण्यावर दोन चमचे खाण्याचं तेल सोडा, पाणी लवकर आटत नाही. आणि जाताना मेन कॉक, हीटर बंद. हे सांगूनही लोक दोन कुलुपं लावतात आणि कॉक उघडा ठेवतात.

१६ एप्रिल २०२४ ला दुबई विमानतळावर एका दिवसात १४२ मिलिमीटर पाऊस झाला. वर्षभरात तिथे एवढा पडत नाही. कोकणात आम्ही त्याला पाऊस म्हणणार नाही, पण तिथे बाल्कनीच्या जाळ्या वाळूने आणि कबुतरांच्या काड्यांनी गच्च होत्या, म्हणून पाणी थेट हॉलमध्ये. जाळी महिन्यातून एकदा हाताने साफ करा. तळघरातल्या पंपात पाणी शिरलं, तर नळ कोरडे होतात, तेव्हा ढग दिसले की दोन बादल्या भरून ठेवा, आणि तळघरात पाणी आलं की लिफ्ट वापरू नका. पुराचं पाणी खालच्या टाकीत गेल्याची शंका असेल, तर टाकी धुतल्याशिवाय नळाचं पाणी तोंडातही घेऊ नका.

खर्च कोणाचा यावर भांडणं होतात. २००७ च्या भाडेकरू कायद्यानुसार वेगळं काही ठरलं नसेल, तर दुरुस्ती घरमालकाची. पण पुष्कळ करारांत छोटी दुरुस्ती, बहुधा पाचशे दिरहमपर्यंत, भाडेकरूच्या गळ्यात असते. करार आजच वाचा, आणि पाणी फुटल्यावर पुसण्याआधी फोटो-व्हिडिओ काढा. मीटरच्या आधी गळती असेल, तर देवाचा तातडीचा नंबर ९९१. हा देव नव्हे, दुबईचं वीज-पाणी खातं. मीटरनंतरची गळती तुमची. सगळे नळ बंद करून मीटर बघा, आकडा हलत असेल तर कुठेतरी जातंय. बहुतेक वेळा फ्लश. टाकीत जिलेबीचा रंग टाका, दहा मिनिटांत भांड्यात दिसला तर आतलं रबर बदला.

भाच्याने परवा कॉकचा फोटो पाठवला. छान चिठ्ठी लावलीय, "आमचा कॉक". मराठीत. नातूर पेशावरचा आहे. भाच्याला म्हटलं, इंग्रजीत फ्लॅट नंबर पण लिही.