लिनक्सचा पासवर्ड विसरलात? या चुका टाळा

पासवर्ड विसरला म्हणून कोणी अख्खी डिस्क पुसली, असं ऐकलं की आजही जीव तळमळतो. माझ्या मामेबहिणीचं तसंच झालं. तिच्या मित्राने ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या, मेन्यूतून रिकव्हरी मोड उघडला, रूट शेल (सगळे अधिकार असलेला कमांडचा पडदा) मिळवलं, पासवर्ड बदलणारी पासडब्ल्यूडी कमांड देऊन नवा पासवर्ड दोनदा टाकला. उत्तर आलं: ‘ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर’. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सिस्टीमच बिघडली असं ठरवून त्याने पेन ड्राइव्हवरून नवं उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. प्रबंधाची चार वर्षांची टिपणं गेली. मला फोन आला तो त्यानंतर.

बिघडलं काहीच नव्हतं. त्या शेलमध्ये डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली होती. पासवर्डचा हॅश, म्हणजे त्यापासून बनवलेलं सांकेतिक रूप, ‘शॅडो’ नावाच्या फाइलीत असतो, आणि तिथे लिहिताच येत नसेल तर पासवर्ड बदलणार कसा? माउंट कमांडला ‘रीमाउंट, आरडब्ल्यू’ हा पर्याय देऊन रूट विभाग (सिस्टीम असलेला डिस्कचा भाग) पुन्हा जोडायचा, की झालं. एका ओळीचं काम. मी ग्रबमध्येच ‘ई’ दाबतो, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतल्या ‘आरओ’चं (फक्त वाचणं) ‘आरडब्ल्यू’ (वाचणं-लिहिणं) करतो, ओळीच्या शेवटी ‘इनिट=/बिन/बॅश’ जोडतो आणि कंट्रोल-एक्स, की थेट रूट शेल उघडतं. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे हात थरथरायचं कारण नाही.

पासडब्ल्यूडीपुढे खात्याचं नाव द्याच, नाहीतर रूटचा पासवर्ड बदलून बसाल. टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही. ते तसंच असतं.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सचं वेगळं. तिथे पासवर्ड बदलतो, पण लॉगिन नाकारलं जातं, कारण शॅडो फाइलीवरचं एसई-लिनक्सचं, म्हणजे तिथल्या सुरक्षा यंत्रणेचं, लेबल चुकलेलं असतं. रीबूट करण्याआधी रूट विभागात ‘.ऑटोरीलेबल’ नावाची रिकामी फाइल करा. पुढच्या बूटला वेळ लागतो. लागू द्या! मधेच बटण दाबून मशीन बंद करणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार आहे, असं करू नका.

शॅडो फाइल हाताने उघडून हॅश खोडायचा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. एक कोलन इकडचा तिकडे झाला की ती ओळच निकामी.

आणि हे सगळं करण्याआधी कॅप्स लॉक आणि लॉगिन पडद्यावरची कीबोर्डची भाषा बघा. कितीदा तरी पासवर्ड बरोबर असतो, कीबोर्ड देवनागरीवर असतो. मशीनवर दुसरं अ‍ॅडमिन खातं असेल तर तिथून सुडोने (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारी कमांड) बदला, ग्रबला हातही लावू नका.

डिस्क लक्सने, म्हणजे लिनक्सच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीने, एन्क्रिप्ट केलेली असेल आणि तिचाच पासफ्रेज हरवला असेल, तर यातलं काहीही चालणार नाही. बॅकअप शोधायला लागा.

लॉगिन झाल्यावर कीरिंग, म्हणजे साठवलेल्या पासवर्डची तिजोरी, जुनाच पासवर्ड मागेल. ते कीरिंग रागाने लगेच पुसू नका. त्यात वायफायपासून ब्राउझरपर्यंतचे पासवर्ड असू शकतात, आणि जुना पासवर्ड दोन दिवसांनी आठवलेली माणसं मी पाहिली आहेत.