मागूर, शिंगाळा, खवलचोर: कॅटफिशची शास्त्रीय नावं कशी फोडायची

कोल्हापूरच्या पंचगंगेत एक छोटासा कॅटफिश, म्हणजे मिशीवाला मासा आहे, त्याचं शास्त्रीय नाव पॅकिप्टेरस खवलचोर. हो, खवलचोरच, छापायची चूक नाही. दुसऱ्या माशांची खवलं कुरतडून खातो म्हणून खवलचोर, आणि सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ मध्ये हेच मराठी नाव शास्त्राच्या वहीत कायमचं नोंदवलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला की त्या दिवसापासून कुठलाही कॅटफिश दिसला, बाजारात असो किंवा टाकीत, की आधी त्याचं नाव फोडून बघायची सवयच लागली. ती सवय कशी लावायची तेच खाली लिहितोय. लॅटिन यायची काही गरज नाही, मलाही येत नाही.

सुरुवातीला एवढंच लक्षात ठेवा, नावाचे दोन तुकडे असतात आणि शाळेच्या हजेरीपटासारखं आडनाव आधी येतं. क्लारियस मागूर म्हणजे क्लारियस घराण्यातला मागूर. आडनाव बदलू शकतं, मागचं नाव सहसा टिकतं, म्हणून फोडायला आधी मागचा शब्द घ्यायचा.

आणि तो घेतला की डिक्शनरी उघडायच्या आधी मोठ्याने वाचा, आपल्याकडच्या माशांसाठी ही सगळ्यात कामाची युक्ती आहे. कारण फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर पुस्तक काढलं तेव्हा बऱ्याच माशांना त्याने तिकडच्या लोकांच्या तोंडचीच नावं देऊन टाकली, थोडी इकडेतिकडे करून. पाबदा, टेंगरा, मागूर, रिटा, पांगस ही सगळी बोलीतली नावं आता जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी आहेत. त्याच्या स्पेलिंगमध्ये क च्या जागी बऱ्याचदा सी असतो, ब च्या जागी व्ही. म्हणून कवासियस दिसला की तो कबासी, आणि वाचा दिसला की तो बाचा. ग्रीक शब्दकोशात हे शोधत बसलात तर आयुष्यात सापडणार नाही.

आपल्या बाजूचा माणूस म्हणजे विल्यम साइक्स. हा ब्रिटिश लष्करातला अधिकारी, मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरायचा, आणि फिरता फिरता नद्यांमधले मासे बघून, चित्रं काढून घेऊन त्याने १८३९ मध्ये त्यांची वर्णनं छापली. त्याची नावं वाचताना डबल ई म्हणजे दीर्घ ई आणि डबल ओ म्हणजे दीर्घ ऊ, एवढं धरलं की झालं. सीनघाला असं लिहिलंय, मोठ्याने म्हणा, आलं ना लक्षात? शिंगाळा! आणि हा मासा त्याने कुठला घेतला होता तर पुण्यातल्या मुळा-मुठेचा. त्याचाच गूंगवारी, लोनाह आणि गोग्रा, म्हणजे आपला घोगरा. आज संगमावर उभं राहून त्या काळ्या पाण्याकडे बघताना मला ही नावं आठवतात आणि पोटात तुटतं. दोनशे वर्षांपूर्वी इथल्या मच्छीमाराने या साहेबाला बोट दाखवून नाव सांगितलं असणार आणि ते नाव अजून जसंच्या तसं आहे, नदीच तेवढी तशी राहिली नाही.

दक्षिणेतल्या भाषांचंही तेच. आपल्याकडे ज्याला शिवडा म्हणतात, तो मोठ्या तोंडाचा, लांबलचक, त्याचं नाव वॉलागो अट्टू. वॉलागो हे तेलुगूतल्या नावावरून घेतलंय आणि अट्टू हे अर्धंच नाव आहे, केरळात या माशाला आट्टुवाळा म्हणतात, आट्टु म्हणजे नदीतला. म्हणजे नाव घेताना "नदीतला" एवढंच उचललं आणि मासा मागेच राहिला. मला हे नाव फार आवडतं, कारण नाव विचारणारा आणि सांगणारा दोघं समोरासमोर उभे आहेत असं वाटतं.

आता वाचून काहीच ओळखीचं लागलं नाही तर समजायचं ग्रीक किंवा लॅटिन आहे. इथे पाठांतर करू नका, चारपाच तुकडे ओळखीचे करून घ्या, बाकीचं आपोआप होतं. उदाहरणार्थ प्टेरॉन, म्हणजे पंख किंवा माशाचा पर. खवलचोराचं आडनाव पॅकिप्टेरस, पॅकिस म्हणजे जाड, झालं, जाड पराचा. दुकानात ग्लास कॅटफिश मिळतो, आरपार दिसणारा, त्याचं आडनाव क्रिप्टोप्टेरस, क्रिप्टोस म्हणजे लपलेला, आणि खरंच त्याचा पाठीवरचा पर इतका बारीक असतो की शोधावा लागतो. आफ्रिकेतला करंट मारणारा कॅटफिश मॅलाप्टेरुरस इलेक्ट्रिकस, यात मलाकोस म्हणजे मऊ, मध्ये तोच पर, आणि शेवटी ऊरा म्हणजे शेपटी. शेपटीजवळ मऊ पर असलेला, आणि पाठीवर कडक काट्याचा पर त्याला नाहीच. एक तुकडा कळला आणि तीन मासे सुटले.

तसंच ऑफ्थाल्मोस म्हणजे डोळा, हायपो म्हणजे खाली. हॉटेलात बासा म्हणून जो फिले बऱ्याचदा मिळतो तो पँगासियानोडॉन हायपोफ्थाल्मस, डोळे तोंडाच्या रेषेत खाली असलेला. त्याचं आडनाव आणखी मजेशीर आहे, बंगालीतला पांगस घेतला, त्याला ग्रीक अन म्हणजे नसलेला आणि ओडॉन म्हणजे दात जोडला, म्हणजे बिनदाताचा पांगस! हे आडनाव मुळात त्याच्या मेकाँग नदीतल्या अवाढव्य भावासाठी केलं होतं, गिगास म्हणजे राक्षसी आकाराचा, २००५ मध्ये थायलंडमध्ये २९३ किलोचा सापडला होता, आणि मोठेपणी त्याला खरंच दात नसतात. बंगालच्या कोळ्याचा शब्द मेकाँगपर्यंत जाऊन पोचला.

अमेरिकेतल्या चॅनल कॅटफिशचं इक्टालुरस पंक्टाटस म्हणजे माशासारखं मांजर, ठिपकेवालं. हे मांजर मिशांमुळे आलं. आपल्या शिंगटीचं आडनाव मिस्टस, तेही ग्रीक मिशीवरूनच आलंय असं मानतात, आणि त्यातली पट्ट्यापट्ट्यांची ती मिस्टस विट्टाटस, विट्टा म्हणजे पट्टी किंवा फीत.

एक नाव मात्र मला नेहमी थांबवतं, हेटेरोन्यूस्टिस फॉसिलिस, आपली शिंगी. हेटेरोस म्हणजे वेगळा आणि पुढचा शब्द श्वास घेण्याचा, वेगळ्या तऱ्हेने श्वास घेणारा. शिंगीच्या कल्ल्यांपासून मागे अंगात दोन लांब हवेच्या पिशव्या गेलेल्या असतात, त्यामुळे ती थेट हवा घेते आणि बाजारात पाण्याविना पाटीत तासन्‌तास वळवळत राहते. ज्याने हे आडनाव ठेवलं त्याने मासा नुसता बघितला नाही, उघडून बघितला. आणि फॉसिलिस बघून जीवाश्म असं समजू नका, मीही तसंच समजलो होतो. लॅटिनमध्ये त्याचा साधा अर्थ खणून काढलेला, चिखलातून खणून काढतात म्हणून. जीवाश्मांनाही तोच शब्द त्याच कारणाने लागला. तर ओळखीचा इंग्रजी शब्द दिसला की लगेच तोच अर्थ लावायचा नाही, हे पक्कं ठरवून टाका.

पुढची पायरी शेवटचं अक्षर बघायची, ही सोपी आहे. शेवटी एन्सिस असेल तर गाव किंवा प्रदेश. शेवटी आय म्हणजे पुरुषाचं नाव, ए ई म्हणजे बाईचं. बॅगारियस यारेलीतलं यारेली हे नाव साइक्सनेच विल्यम यारेल या निसर्गअभ्यासकाच्या नावाने ठेवलं. ग्लिप्टोथोरॅक्स ट्रेवावासे हे एथेलविन ट्रेवावास या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ बाईंच्या नावाने. केरळात विहिरींच्या खाली, जमिनीच्या पोटात बोटाएवढेही नसलेले आंधळे कॅटफिश राहतात, त्यांचं आडनाव होराग्लॅनिस, आपले मोठे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांच्या नावाला कॅटफिशचा जुना ग्रीक शब्द जोडून. त्यातला एक अब्दुलकलामी आहे, कोणाच्या नावाने ते सांगायला नको. आणि २०२३ मध्ये आणखी एक आला, पॉप्युली, म्हणजे लोकांचा, कारण विहिरीतून, नळातून आलेले मासे साध्या लोकांनी शास्त्रज्ञांपर्यंत पोचवले म्हणून. इतकं सुंदर नाव मी दुसरं बघितलेलं नाही.

ग्लॅनिस या शब्दावरून एक गोष्ट सांगतोच. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं की ग्लॅनिस माशाचा नर अंड्यांची राखण करतो. पुढे युरोपातल्या लोकांना त्यांच्या मोठ्या कॅटफिशशी, म्हणजे सिलुरस ग्लॅनिसशी, ते वर्णन जुळेना, मग म्हातारा चुकला असं म्हणत राहिले. १९व्या शतकात लुई अगासी या शास्त्रज्ञाने ग्रीसमधल्या अकेलूस नदीचे मासे मिळवून बघितले तर ती जातच वेगळी निघाली, आणि १८९० मध्ये गार्मन या मत्स्यशास्त्रज्ञाने तिचं नाव कायम केलं, सिलुरस ॲरिस्टॉटेलिस.

आता सावधगिरीच्या दोनतीन गोष्टी. बाजारातलं नाव आणि शास्त्रीय नाव भांडत असेल तर शास्त्रीय नावाचं ऐका. थाई मागूर म्हणतात तो, ज्याच्या पैदाशीवर भारतात २००० पासून बंदी आहे, त्याचं नाव क्लारियस गॅरिपिनस, आणि गॅरिप हे दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीचं तिथल्या लोकांचं जुनं नाव. मासा आफ्रिकेचा आहे हे नावातच सांगितलंय. आपल्या मागूरलाही खूप वर्षं क्लारियस बॅट्राकस म्हणायचे, बॅट्राकस म्हणजे बेडूक, जुन्या पुस्तकांत अजून तेच सापडेल, पण तो खरा बॅट्राकस जावाचा ठरला आणि आपल्याला हॅमिल्टनचा मागूर परत मिळाला. दुकानदाराने बायसिरिस, म्हणजे त्याच क्रिप्टोप्टेरस घराण्यातल्या दुसऱ्याच जातीची चिठ्ठी लावलेला ग्लास कॅटफिश मी स्वतः घेतलाय, पण दुकानात येतो तो बहुतेक विट्रिओलस, म्हणजे इवलासा काचेचा, त्याला हे नाव २०१३ मध्येच मिळालं.

नावापुढे माणसाचं नाव आणि साल लिहिलेलं असतं तेही वाचत जा. माणूस कंसात असेल तर समजायचं आडनाव नंतर बदललंय, कंस नसेल तर पहिल्या दिवशी ठेवलं तेच आहे. साइक्सने शिंगाळ्याचं आडनाव प्लॅटिस्टोमा ठेवलं होतं, रुंद तोंडाचा, आता ते स्पेराटा आहे, म्हणून साइक्स कंसात बसतो.

टाकी ठेवणाऱ्यांना कोरिडोरास माहीत असतील, कोरिस म्हणजे शिरस्त्राण आणि डोरा म्हणजे कातडी. २०२४ मध्ये हे मोठं घराणं फोडून बरीच आडनावं वेगळी केली, त्यातला पॅलिएटस नावाचा मासा गेला हॉप्लिसोमा या घराण्यात, आणि सोमा म्हणजे शरीर हा ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी शब्द असल्यामुळे मागचं नाव झालं पॅलिएटम. आपल्याकडे "तो काळा, ते काळं" होतं तसंच. यादीत शेवटचं अक्षर बदललेलं दिसलं तर नवीन मासा समजू नका.

आता एक तुम्ही स्वतः करून बघा, ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस, होरा, १९३८. ग्लिप्टोस म्हणजे कोरलेलं, थोरॅक्स म्हणजे छाती, वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहायला या माशाच्या छातीवर कातडीच्या घड्या असतात, कोरल्यासारख्या. शेवटी एन्सिस आहे, म्हणजे गाव. होराच्या भोवती कंस नाही. आणि गाव कुठलं ते मोठ्याने वाचलं की कळेलच.